अडीच हजार टप्पे

एसटीत अंतर टप्प्यांत मोजतात. एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. चिपळूण ते मुंबई साधारण बेचाळीस टप्पे. आधी वाहक आणि मग वाहतूक नियंत्रक म्हणून बत्तीस वर्षं काढली, त्यात एक खोड लागली ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. कुठलंही अंतर कानावर पडलं की मी त्याला सहाने भागतो. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार किलोमीटर, पण विमान थेट आहे, सोळा तासांत याल." मी आधी "बावीसशे पन्नास टप्पे" म्हणालो आणि मग पासपोर्टचं विचारलं.

थेट म्हणजे आमच्या भाषेत विनाथांबा. अशी गाडी सोडायची तर चालकाची ड्यूटी, डिझेल आणि रस्ता, तिन्ही आधी नीट पाहावं लागतं. हे विमान तिन्हीचं काय करतं ते बघायची मला उत्सुकता होती. पण तिकीट हातात आलं आणि आधी नजर गेली वेळेवर. मुंबईहून सुटणार २५ जून २०२४, दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी. पोहोचणार २५ जून २०२४, संध्याकाळी सात वीसला. सव्वातीन तास! दादरहून पुण्याला शिवनेरी इतक्या वेळात पोहोचली तर प्रवासी खूश होतात. असं वेळापत्रक कुणी माझ्या टेबलावर आणलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं.

तिकीट हिलाही दाखवलं. हिने वेळ पाहिली नाही, तारीख पाहिली. मग भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं.

"अहो, पंचवीसला मंगळवार. अंगारकी आहे."

"मग?"

"मग उपवास सोडायचा कधी?"

आपल्याकडे संकष्टीचा चंद्रोदय गावागणिक वेगळा छापलेला असतो. नागपूरला चंद्र मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो, कारण नागपूर सहा अंश पूर्वेला आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. हे मला ठाऊक होतं, पण त्याचा आयुष्यात उपयोग पडला नव्हता. त्या दिवशी मुंबईचा चंद्रोदय रात्री साडेदहाच्या सुमाराचा होता. साडेदहाला आम्ही कुठे असू? कालनिर्णयात रत्नागिरी होती, कोल्हापूर होतं. पॅसिफिक महासागर नव्हता.

ते शोधायचं म्हणून मी बाजारातून फुगवायचा पृथ्वीगोल आणला. भिंतीवरच्या नकाशावर मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला पट्टीने रेघ मारली तर ती अरबस्तान, आफ्रिकेचा माथा आणि अटलांटिक अशी आडवी जाते. तो नकाशा १५६९ मध्ये मर्केटरने खलाशांसाठी आखला. त्यावर दिशा बरोबर कळते, पण अंतर चुकतं, आणि ध्रुवांकडे गेलं की फारच चुकतं. गोलावर मात्र हिच्या गजऱ्याचा दोरा मुंबईवर धरला, दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवून ताणला, तर दोरा पश्चिमेला गेलाच नाही, पूर्वेलाही नाही. तो सरळ वर उत्तरेला चढला. हिमालय, सायबेरिया, उत्तर ध्रुवाच्या वळचणीचा बर्फाळ समुद्र, आणि तिथून अलास्काच्या अंगाने खाली. सर्वांत वरच्या ठिकाणी सत्त्याहत्तर अंश उत्तर. मुलीने सांगितलेले साडेतेरा हजार किलोमीटर ते हे. ही म्हणाली, "एवढ्या थंडीतून कशाला नेतात?"

नेत नव्हतेच. दोऱ्याची वाट वेगळी आणि गाडीची वाट वेगळी, हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. चिपळूणहून कराड कावळ्याच्या वाटेने किती जवळ आहे! पण मध्ये कुंभार्ली घाट आहे. पावसात दरड आली की घाट बंद, आणि गाडी आंबा घाटाने फिरवायची. आकाशातही घाट असतात. तिबेटचं पठार हा त्यातला मोठा. विमानातल्या हवेचा दाब गेला तर वैमानिकाला झटपट तीनेक किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं. प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या मुखवट्यांत प्राणवायू थोड्या मिनिटांपुरताच असतो. तिबेटवर खाली यायला जागाच नाही, जमीनच साडेचार-पाच किलोमीटर उंच. म्हणून विमानं शक्यतो त्याला वळसा घालतात. बाकीचे घाट माणसांनी केलेले. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर २०२२ मध्ये रशियाने अमेरिकेच्या आणि युरोपच्या कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. आणि आम्ही जाऊन आल्यावर, २०२५ च्या एप्रिलमध्ये, पाकिस्तानने भारतीय विमानांना बंद केलं. दरड हटवता येते. हे घाट कधी उघडतील ते कुठल्याच नियंत्रकाला सांगता येत नाही.

आमचं विमान तेव्हा पूर्वेकडून गेलं: कोलकाता, चीन, जपान, मग अख्खा पॅसिफिक. पंधरा हजार किलोमीटर, म्हणजे अडीच हजार टप्पे. दोऱ्यापेक्षा अडीचशे टप्पे जादा. आमच्या खात्यात हे कुणी केलं असतं तर खुलासा मागितला गेला असता.

खुलासा असा, की वर वारा आहे.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नदी वाहते. जपानवर हिवाळ्यात ती ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढेही जाते. उन्हाळ्यात ती मंदावते आणि उत्तरेला सरकते, तरी उपयोगाची असतेच. ती पहिल्यांदा नीट मोजली वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने. १९२० च्या दशकात तो टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून त्यांचा माग काढत असे. सगळ्या जगाला कळावं म्हणून त्याने आपला अहवाल १९२६ मध्ये एस्परांतो भाषेत छापला. म्हणजे जी भाषा सगळ्या जगाची व्हावी म्हणून बनवली होती आणि जवळजवळ कुणालाच येत नव्हती, त्या भाषेत. अहवाल कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून पोहोचली तेव्हा त्यांना हा वारा अंगावर घेऊन कळला. मला त्या ओइशीबद्दल आपुलकी वाटते. मीही वरिष्ठांना काही अहवाल पाठवलेले आहेत.

तर हा वारा पाठीशी घेतला की लांबची वाट लवकर संपते. एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान ऑक्टोबर २०१६ मध्ये अटलांटिकवरून न नेता पॅसिफिकवरून नेलं. वाट चौदाशे किलोमीटरने वाढून १५,३०० झाली, आणि प्रवास साडेचौदा तासांत उरकला, आधीपेक्षा लवकर. एसटीत टप्पे वाढले की वेळ वाढतो. हा नियम मी बत्तीस वर्षं न तपासता पाळला होता.

मंगळवारी सहारला पोहोचलो. विमान चार पाचला जागचं हललं आणि साडेचारला जमीन सुटली. मधल्या पंचवीस मिनिटांत ते नुसतं रांगत होतं, पण तिकिटावरच्या वेळेत तीही धरलेली असतात. चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून दुसरीकडे ठोकळे लावीपर्यंत जो वेळ जातो तो विमानवाल्यांचा 'ब्लॉक टाइम'. आमच्याकडेही गाडी फलाटावरून निघाली की सुटली. पुढे ती बाजारपेठेत बैलासमोर उभी राहिली तरी नोंद सुटल्याचीच.

चालक चार. दोघं चालवणार, दोघं निजणार, मग पाळी बदलणार. त्यांना निजायला वेगळी जागा असते. मुक्कामाच्या गाडीवर टपावर नाहीतर बाकड्यावर अंग टाकणारे आमचे चालक-वाहक मला आठवले. इंधनाचं तर विचारूच नये. ७७७ जातीच्या लांब पल्ल्याच्या विमानाच्या टाक्यांत १,८१,००० लिटर मावतं. आमच्याकडे चालकाची लायकी दहा लिटरमागे किती किलोमीटर काढतो यावर ठरायची. इथे निम्मं इंधन उरलेलं निम्मं वाहून नेण्यातच जातं की काय असं वाटावं इतका त्याचा भार. पूर्ण भरलेल्या विमानाच्या वजनात चाळीस टक्क्यांच्या आसपास नुसतं इंधनच असतं.

आमच्या खुर्च्या उजव्या बाजूच्या, ही खिडकीशी. पुढच्या पडद्यावर छोटंसं विमान नकाशावरून सरकत होतं. नागपूर मागे पडलं. मी हिला म्हटलं, "लाल परीने अठरा-वीस तास." साडेसहाच्या आत सूर्य मावळला, बंगालच्या आसपास. चिपळुणात त्या वेळी ऊन असणार, पाऊस नसला तर. आम्ही सूर्याकडे पाठ करून पळत होतो आणि खालची पृथ्वीही त्याच बाजूला फिरत होती. दोघांचा वेग एकत्र झाल्यामुळे रात्र आमच्या अंगावर चालून आल्यासारखी आली.

हवाईसुंदरी जेवण घेऊन आली. हिने हाताने नको म्हटलं. पलीकडच्या खुर्चीतला तरुण मुलगा मराठी निघाला. त्याला कारण कळल्यावर तो म्हणाला, "काकू, भारताच्या वेळेने साडेदहाला सोडा ना." ही म्हणाली, "चंद्र दिसायला हवा, घड्याळ नव्हे." त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, कारण त्या गोलावर मी पेन्सिलीने बरीच आकडेमोड केली होती. माझ्या हिशेबाने चंद्र साडेदहाच्या पुष्कळ आधी दिसायला हवा होता. पण बायकोसमोर हिशेब चुकण्यापेक्षा गप्प बसणं बरं.

माझ्या मनगटावर आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. खाली चीनचा मध्यभाग. ही एकदम म्हणाली, "अहो."

खिडकीतून, पंखाच्या थोडं पुढे, ढगांच्या कडेला लालसर काहीतरी लागलं होतं. आधी मला वाटलं एखादं शहर असेल. मग ते वर सरकलं. चतुर्थीचा चंद्र, एका बाजूने झिजलेला, जमिनीवरून दिसतो त्यापेक्षा खालचा. अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज आपल्याही खाली जातं, त्यामुळे चंद्राकडे किंचित वाकून बघावं लागतं. मुंबईत तो उगवायला अजून सव्वादोन तास होते.

हिने कागदी पेल्यात पाणी घेतलं, खिडकीसमोर धरलं, पुटपुटली, आणि ते ओतायचं कुठे हा प्रश्न पडल्यावर स्वतःच पिऊन टाकलं. पर्समधून डबा काढला. तळणीचे मोदक. सुरक्षा तपासणीत त्या डब्यावरून दहा मिनिटं गेली होती. एक त्या मुलाला, एक मला. तो मुलगा म्हणाला, "काकू, तुमचा उपवास सव्वादोन तासांनी स्वस्तात सुटला." हिला ते आवडलं नाही, पण मोदक परत घेतला नाही.

जपान झोपेत गेलं. आमच्या घड्याळात मध्यरात्र होत होती तेव्हा पुढच्या बाजूला आभाळ फटफटलं. मावळतीपासून उगवतीपर्यंत साडेपाच-पावणेसहा तास. एवढ्यात रातराणी पनवेलहून चिपळूणला पोहोचते.

पॅसिफिकवर बघायला काही नाही, म्हणून थांब्यांचा विचार केला. विनाथांबा गाडीलाही थांबे लागतात, फक्त ते न घेण्यासाठी असतात. दोन इंजिनांच्या विमानाला समुद्रावरून न्यायचं तर नियम असा, की एक इंजिन बंद पडलं तरी उरलेल्या एकावर ठरावीक मिनिटांत कुठल्यातरी धावपट्टीवर पोहोचता आलं पाहिजे. त्यामुळे विमान उघड्या समुद्रावरून जात असलं तरी मनातल्या मनात ते बेटाबेटाला हात लावत जातं. अलास्काच्या शेपटीवर कोल्ड बे नावाचं गाव आहे. वस्ती शंभराच्याही आत, आणि धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब, दुसऱ्या महायुद्धातली. रोज शेकडो विमानं त्या गावाचा भरवसा धरून वरून जातात आणि गावकऱ्यांना त्यातलं सहसा एकही उतरलेलं दिसत नाही. कधी उतरावंही लागतं. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक विमान इंजिनाच्या बिघाडामुळे रशियातल्या मगदानला उतरलं. दोनशेहून जास्त माणसं, भाषा अनोळखी, आणि दुसरं विमान येईतो तिथेच मुक्काम. महाडच्या पुढे बंद पडलेल्या गाडीतले प्रवासी मी दुसऱ्या गाडीत बसवून दिले आहेत. तेव्हा ते मला काय काय बोलले ते आठवून त्या मगदानच्या माणसांची काळजी वाटली, प्रवाशांइतकीच.

मग तारीख बदलली. आपण पूर्वेला जातो तसं घड्याळ पुढे पुढे जातं; जपान ओलांडेपर्यंत तिथे बुधवार उजाडला होता. १८० रेखांशाच्या आसपास वाररेषा आहे. ती ओलांडली की अख्खा एक दिवस मागे. मी हिला हलवून उठवलं.

"पुन्हा मंगळवार लागला."

हिने डोळे न उघडता विचारलं, "अंगारकी?"

"तारखेने अंगारकीच."

"मी चंद्र बघितलाय," असं म्हणून ही पुन्हा झोपली.

सॅन फ्रान्सिस्कोला ठोकळे लागले ते सात वीसला, वेळेवर. प्रत्यक्षात गेले पावणेसोळा तास. सूर्य अजून वर होता आणि खाडीवर धुकं बसलेलं. मुलगी फ्रीमाँटला राहते. घरी जाताना गाडीत पंचांगाचा विषय निघाला. तेव्हा कळलं की अमेरिकेतली मराठी माणसं आपापल्या शहराचं पंचांग बघतात, आणि कॅलिफोर्नियात संकष्टी आदल्या दिवशीच, सोमवारी झाली होती. तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. मंगळवारी रात्री अकराच्या पुढे आपल्याकडे चतुर्थी संपली, तेव्हा फ्रीमाँटला मंगळवारची सकाळ होती. मंगळवारी रात्री तिथे उगवणार तो पंचमीचा चंद्र. म्हणजे त्यांच्याकडे अंगारकी नव्हतीच. हिने हे शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग सोमवारचा उपवास माझ्याकडून राहिला का?" जावई गाडी चालवत होता. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहिलं.

तिथल्या तीन महिन्यांबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. परतीचं मात्र सांगतो.

परतताना वारा समोरून. मग त्याच्याशी झुंजायला पॅसिफिकमध्ये कशाला शिरायचं? येताना विमान दोऱ्याच्या वाटेला लागतं, उत्तरेला अलास्का आणि सायबेरियाकडे. याच भागातून अजून वर, थेट ध्रुवावरून, जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाने सॅन फ्रान्सिस्को–बंगळूर हे आपलं पहिलं विमान आणलं होतं. सरळ अंतर जवळजवळ १४,००० किलोमीटर, वेळ सतरा तासांच्या आसपास. झोया अगरवाल यांच्या हाताखालच्या त्या चमूत सगळ्या वैमानिक बायका होत्या, आणि त्यात आकांक्षा सोनवरे हे नाव वाचल्याचं मला आठवत होतं. ध्रुवाजवळ होकायंत्र भरवशाचं राहत नाही, आणि इतकी थंडी असते की टाकीतलं इंधन गोठू नये म्हणून त्याच्या तापमानावर लक्ष ठेवावं लागतं. मी हे हिला सांगितलं. ही म्हणाली, "मला शाल द्या."

जाताना अडीच हजार टप्पे पावणेसोळा तासांत. येताना त्याहून दीड-पावणेदोनशे टप्पे कमी, आणि लागले सतरा तास दहा मिनिटं. एकाच मार्गाच्या जाण्यायेण्याच्या वेळा वेगळ्या लावलेल्या मी फक्त घाटात पाहिल्या होत्या, चढाला जास्त आणि उताराला कमी. आकाशात पश्चिमेला जाणं हा चढ आहे.

मंगळवारी, २४ सप्टेंबरला रात्री नऊला निघालो आणि मुंबईत उतरलो ते गुरुवारी पहाटे अडीचच्या पुढे. मधला बुधवार वाटेतच कुठेतरी गेला. सायबेरियावर खिडक्या झाकलेल्या होत्या. आमच्या वाट्याला त्याची ना नीट सकाळ आली, ना दुपार.

पहाटेच टॅक्सीने परळला जाऊन चिपळूणची पहिली गाडी धरली. वाहक पोरगा ओळखीचा नव्हता. मशीनमधून तिकीट काढून देत त्याने विचारलं, "काका, कुठून?" मी म्हटलं, "परळ." माणगावला दीड तास कोंडी. महामार्गाचं काम २०११ पासून चाललंय, त्याची सवय आहे. त्या दीड तासात विमान तेराशे किलोमीटर गेलं असतं, असं मी हिला सांगणार होतो, पण ही खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती. विमानात सतरा तास हिला झोप नव्हती.

घरी पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. कालनिर्णय जूनवरच लटकत होतं. हिने चहाचं आधण ठेवलं, तिन्ही पानं उलटली आणि पेन घेऊन दुधाचा हिशेब लिहायला बसली. आम्ही गेलो तेव्हा दूधवाल्याला रतीब बंद करायला सांगायचं राहून गेलं होतं, आणि शेजारच्या वहिनींनी ते दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. त्यामुळे २६ जूनपासून ही खाडे मांडत आली: जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. पंचवीस सप्टेंबरच्या चौकोनाशी पेन थांबलं.

"अहो, हा बुधवार आपल्याला झालाच नाही. याचा खाडा धरायचा का?"

"दूध आलं होतं?"

"नाही."

हिने खाडा मांडला.